कॅलेडियम आणि अ‍ॅग्लोनिमा: सावलीतली पानं पिवळी पडून लोळायला लागली तर काय तपासायचं

सावलीच्या कोपऱ्यासाठी रंगीत पानांचं झाड मागितलं की नर्सरीवाला बहुतेक वेळा दोन कुंड्या पुढे करतो, कॅलेडियम आणि अ‍ॅग्लोनिमा. दोन्ही देखणी, दोन्हींना कडक ऊन नको, दोन्ही अळूच्याच कुळातली. मग घरी आणल्यावर ती शेजारी शेजारी ठेवली जातात, कधी एकाच लांबट कुंडीत लावली जातात आणि दोन्हींना एकाच मापाने पाणी मिळतं. पावसाळाभर सगळं छान चालतं. दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडायला लागतात आणि तक्रारी सुरू होतात.

मी पुण्यात सोसायट्यांच्या आणि घरांच्या बागा सांभाळते आणि हा बिघाड दरवर्षी निस्तरते. पिवळं पान दोन्ही झाडांवर सारखंच दिसतं, उपाय मात्र उलटे आहेत. कॅलेडियमचं पाणी तेव्हा बंद करायचं असतं आणि अ‍ॅग्लोनिमाची मुळं बघायची असतात. लोक दोन्हींना खत घालतात, वर आणखी पाणी घालतात आणि महिनाभरात दोन्ही झाडं जातात. म्हणून औषध, खत किंवा नव्या कुंडीवर पैसे घालायच्या आधी खालच्या क्रमाने जा. बरीचशी प्रकरणं पहिल्या तीन-चार तपासण्यांतच मिटतात आणि त्यांना एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

तुमच्या झाडावर नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. शक्यतो सकाळी, पाणी घालायच्या आधी बघा.

- खालचं एखादंच पान पिवळं पडतं, बाकी झाड ठीक.
- दोन-तीन आठवड्यांत सगळीच पानं पिवळी पडून देठासकट आडवी होतात.
- पानाच्या कडा किंवा टोकं तपकिरी आणि कुरकुरीत होतात, मधला भाग चांगला असतो.
- पानावर कागदासारखे वाळलेले, फिकट डाग येतात, विशेषतः पांढऱ्या-गुलाबी भागावर.
- पानावर करडे, तेलकट दिसणारे चट्टे येतात. हे बहुधा थंडीत आणि अ‍ॅग्लोनिमावर.
- देठ लांबच लांब वाढून एका बाजूला झुकतात, रंग फिके पडतात.
- बुंधा मातीजवळ मऊ पडतो, दाबला तर पाणी सुटतं, वास येतो.

शेवटचं लक्षण असेल तर मधल्या तपासण्या सोडा आणि थेट मुळं बघायच्या भागाकडे जा. तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

पहिली तपासणी: झाड कोणतं आणि महिना कोणता

हे विचारायलाच हवं, कारण हल्ली रुंद पानांचे लाल-गुलाबी अ‍ॅग्लोनिमा आले आहेत आणि लांबून ते कॅलेडियमच वाटतात. कॅलेडियमचं पान पातळ, बदामाच्या आकाराचं असतं. उजेडाकडे धरलं तर शिरा आरपार दिसतात. त्याला खोड नसतं, प्रत्येक देठ सरळ मातीतून वर येतो. बहुतेक जातींत देठ पानाच्या कडेला न जुळता पाठीमागे थोडा आत जुळलेला असतो. अ‍ॅग्लोनिमाचं पान जाड आणि चिवट असतं, देठाचा खालचा भाग खोडाला मिठी मारल्यासारखा गुंडाळलेला असतो आणि जुन्या झाडाचं खोड उसासारखं पेरापेरांचं दिसतं.

कॅलेडियम हे कंदाचं झाड आहे. मूळचं ते दक्षिण अमेरिकेतलं, जिथे ओला आणि कोरडा असे दोन हंगाम असतात. ओल्या हंगामात वाढायचं, कोरड्यात पानं टाकून कंदात विश्रांती घ्यायची हा त्याचा स्वभाव. आपल्याकडे दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या, हवा कोरडी पडली की ते पानं टाकतं. पुण्या-नाशिककडे ऑक्टोबरच्या अखेरीपासून, मुंबई-कोकणात जरा उशिरा, कधी डिसेंबरपर्यंत. तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारी या काळात कॅलेडियमची सगळी पानं पिवळी पडून लोळली आणि कंद टणक असला तर झाडाला काहीही झालेलं नाही. इथेच थांबा, फक्त पाणी तोडा. त्याचं पुढे काय करायचं ते शेवटच्या भागात सांगते.

अ‍ॅग्लोनिमा आग्नेय आशियाच्या जंगलांतलं, मोठ्या झाडांच्या खालचं. ते बारमाही हिरवं असतं, पानं टाकून झोपत नाही. खालचं एक जुनं पान अधूनमधून पिवळं पडून गळणं हे वयाचं. मात्र एकाच वेळी तीन-चार पानं पिवळी पडली तर महिना कोणताही असो, काहीतरी बिघडलं आहे.

उलट जुलै-ऑगस्टमध्ये, भर वाढीच्या दिवसांत कॅलेडियम पिवळं पडत असेल तर ती विश्रांती नव्हे. पुढे वाचा.

दुसरी तपासणी: मातीत बोट

तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. वरची माती बघून अंदाज बांधू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून कोरडं, फिकट दिसतं आणि आत चिखल असतो. बोट घालायला जीवावर येत असेल तर कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर ती किती जड लागते ते एकदा लक्षात ठेवलं की पुढे हाताला आपोआप कळतं.

अ‍ॅग्लोनिमाला वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी. पुण्याच्या थंडीत घराच्या आत ठेवलेल्या कुंडीला कधीकधी दहा-बारा दिवस पाणी लागत नाही, आणि हे लोकांना पटत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून माती ओली असूनही पानं मलूल दिसतात. मलूल पान बघून घरातलं कोणीतरी आणखी एक तांब्या पाणी ओततं. हा फेरा तोडायला बोटाची तपासणी पुरते.

पानं असलेल्या कॅलेडियमला याच्या उलट सतत ओलावा हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याची माती एकदा पूर्ण सुकली तर कडा दुसऱ्याच दिवशी कुरकुरीत होतात आणि झाड वेळेआधीच विश्रांतीला जातं. म्हणूनच या दोघांना एका कुंडीत ठेवणं चुकीचं. एकाला पुरेल इतकं पाणी दुसऱ्याला मारतं, आणि हिवाळ्यात अ‍ॅग्लोनिमाला घातलेल्या पाण्याने कॅलेडियमचा झोपलेला कंद कुजतो.

पाणी कोणत्या वेळी घालता तेही बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं आणि जानेवारीत पहाटे बर्फासारखं गार असतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर, थंडीत अकरा-बारा वाजता घाला.

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचे थेंब लटकलेले दिसतात, त्याची काळजी नको. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पानांतून वाफ कमी जाते, तेव्हा जास्तीचं पाणी असं टोकावाटे बाहेर पडतं. रोजच खाली ओलं डबकं होत असेल तर मात्र पाणी थोडं कमी करा.

तिसरी तपासणी: कुंडीखालची ताटली आणि भोक

कुंडी उचला आणि खाली बघा. ताटलीत पाणी साचलं असेल तर ओतून द्या. बाहेर शोभेची सिरॅमिकची कुंडी आणि आत नर्सरीची प्लास्टिकची कुंडी असेल तर आतली काढून बघा. कितीतरी घरांत त्या बाहेरच्या कुंडीत तीन बोटं हिरवं पाणी सापडतं. भेट म्हणून आलेल्या अ‍ॅग्लोनिमाचा हा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण बाहेरच्या कुंडीला भोकच नसतं.

भोक असलं तरी ते उघडं आहे का? टाईल्सवर सपाट टेकलेल्या कुंडीचं भोक बंद होतं. खाली फरशीचे तीन तुकडे ठेवून कुंडी अर्धा इंच उचलली तरी पुरतं. आतून मुळं किंवा काळी माती अडकली असेल तर काडीने मोकळं करा.

चौथी तपासणी: कोपरा तोच, ऊन हललेलं

"जागा बदललेली नाही, मग ऊन कसं लागेल?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. जागा बदलत नाही, पण सूर्य सरकतो. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे जातो आणि उगवतो-मावळतोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे जी उत्तरेची बाल्कनी वर्षभर 'सावलीची' म्हणून ओळखली जाते, तिथे मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं. मे महिन्यात कॅलेडियमच्या पांढऱ्या पानावर अचानक कागदी डाग पडले तर आधी हेच तपासा. डिसेंबरमध्ये उलटं होतं. सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं, नेमकं जिथे तुम्ही अ‍ॅग्लोनिमा 'आत' म्हणून ठेवलेलं असतं.

तपासायला काही लागत नाही. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता झाडाच्या जागी हात धरा. सावली काठोकाठ रेखीव पडली तर ऊन जास्त आहे. पुसट पण ओळखू येणारी पडली तर दोन्ही झाडांना योग्य. सावलीच पडत नसेल तर उजेड कमी आहे: तिथे फक्त गडद हिरवा किंवा रुपेरी अ‍ॅग्लोनिमा तग धरेल, कॅलेडियमचे देठ लांबून लोळतील.

पानात जितका हिरवा भाग कमी, तितकं झाडाला अन्न करायला जड. म्हणून लाल-गुलाबी अ‍ॅग्लोनिमाला रुपेरी-हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो, आणि 'कॅन्डिडम'सारखं पांढरं कॅलेडियम उन्हात सर्वांत आधी भाजतं. लाल अ‍ॅग्लोनिमा अंधाऱ्या लॉबीत ठेवला की नवी पानं हिरवट निघतात. तो रोग नाही, भूक आहे. खिडकीजवळ सरकवा. ऊन अडवायचं असेल तर ५० ते ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट पुरते. पाच-सहा फूट तुकडा हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. भाजलेलं पान परत बरं होत नाही. नवी पानं कशी येतात त्यावरून उपाय लागू पडला की नाही ते ठरवा.

पाचवी तपासणी: वारा, एसी आणि थंडी

एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा ज्या कुंडीवर येते तिच्या कडा जळतात. पाण्याचा दोष नसतो, कुंडी दोन फूट बाजूला करा. घरातल्या एसीच्या थेट झोतात अ‍ॅग्लोनिमा ठेवू नका.

अ‍ॅग्लोनिमाला १५ अंशांखालची हवा सोसत नाही. 'सिल्व्हर क्वीन'सारख्या जुन्या जातींवर अशा दोन-तीन रात्रींत करडे, तेलकट चट्टे उमटतात आणि आठवड्याभराने ते वाळून तपकिरी होतात. लोक त्याला बुरशी समजून औषध मारतात. पुण्यात जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, निफाडला कधीकधी ५ च्याही खाली जातो, विदर्भातल्या रात्रीही गारठतात. उपाय म्हणजे संध्याकाळी कुंडी काचेच्या आत आणणं, तेही खिडकीच्या काचेला पान टेकणार नाही असं. मुंबई आणि किनारपट्टीवर हा प्रश्न क्वचितच येतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत असतं आणि तिथून उत्साहाने आणलेला अ‍ॅग्लोनिमा त्याच रात्री उघड्या बाल्कनीत राहतो. त्या दिवसांत आणलेलं झाड महिनाभर आतच ठेवा.

सहावी तपासणी: क्षार आणि खत

मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरी पापडी दिसते का? पानांची फक्त टोकं तपकिरी आहेत का? मग क्षार साचलेत. बोअरचं पाणी हे एक कारण. दुसरं, आणि हल्ली जास्त दिसणारं, म्हणजे आरओच्या फिल्टरचं टाकाऊ पाणी. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण फिल्टरने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला वापरा. बंद कुंडीतल्या अ‍ॅग्लोनिमाला रोज घातलं तर काही महिन्यांत टोकं जळतात, कारण मुळाबाहेर क्षार जास्त झाले की मूळ पाणी नीट ओढू शकत नाही.

कुंडी बाथरूममध्ये किंवा बागेत न्या, कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या. जून-जुलैत हे काम पाऊस फुकटात करतो. त्यानंतर दोन महिने खत नको. एरवीही आजारी झाडाला खत घालू नका. त्याची मुळं ते घेऊ शकत नाहीत आणि साचलेलं खत क्षारांत भर घालतं.

सातवी तपासणी: पानामागची कीड

पान उलटं करा. अ‍ॅग्लोनिमात देठ खोडाला जिथे गुंडाळलेला असतो त्या खाचेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर मिलीबग. पान चिकट लागतं, भोवती मुंग्या असतात. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा करा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. एकदाच फवारून थांबलात तर कीड परत येणारच.

उन्हाळ्यात पान धुळकट, ठिपक्याठिपक्यांचं दिसलं आणि मागे बारीक जाळी असली तर लाल कोळी. पानाच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा मारणं हाच पहिला उपाय. कॅलेडियमचं पान फाटतं, तिथे ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात कॅलेडियमची पानं रात्रीतून फस्त झाली तर गोगलगायी किंवा शेपटीवर शिंग असलेली जाड अळी. बॅटरी घेऊन रात्री नऊनंतर बघा, हाताने वेचून काढा.

आठवी तपासणी: मुळं आणि कंद

इथवर काही सापडलं नाही, किंवा बुंधा मऊ लागतोय, तर झाड कुंडीतून काढावं लागेल. हे काम शेवटी ठेवलं आहे, कारण निरोगी झाड उगाच उपटलं तर बारीक मुळं तुटतात आणि झाड महिनाभर मागे पडतं. हातमोजे घाला. दोन्ही झाडांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळू चिरताना हाताला सुटते तीच खाज.

अ‍ॅग्लोनिमाचा गोळा बाहेर काढून माती पाण्याने धुवा. पांढरं-पिवळसर, टणक मूळ चांगलं. तपकिरी किंवा काळं मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. बाहेरची साल सपाट होऊन सुटली आणि आत दोऱ्यासारखा तंतू हातात राहिला तर ते कुजलंय. नर्सरीतून आलेल्या झाडात बघायची आणखी एक गोष्ट म्हणजे मध्यभागी कोकोपीटचा घट्ट गोळा किंवा जाळीचा छोटा कप तसाच राहिलेला असतो. भोवतीची माती सुकते आणि मधला गोळा ओलाच राहतो. कात्रीने जाळी कापून काढा.

कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसा. अर्ध्याहून जास्त मुळं चांगली असतील तर झाड वाचतं. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग परलाईट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके दाणे) किंवा जाड वाळू आणि अर्धा भाग जुनं गांडूळखत, एवढं मिश्रण पुरतं. काळी माती नको, ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते. कुंडी आधीपेक्षा मोठी नको, उलट मुळं कमी झाली असतील तर लहान घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लावल्यावर ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून घाला. पहिले दोन आठवडे पाणी बेताचंच.

सगळीच मुळं गेली असली पण वरचं खोड टणक असेल तर शेंड्याचा पाच-सहा इंच तुकडा कापा, खालची पानं काढा, काप सावलीत दिवसभर सुकू द्या आणि ओलसर परलाईटमध्ये किंवा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात ठेवा. उबदार दिवसांत महिन्या-दीड महिन्यात मुळं फुटतात. डिसेंबरमध्ये हे करू नका, थंडीत तुकडा मुळं धरण्याआधीच सडतो. नाइलाज असेल तर घरातल्या उबदार जागी ठेवा.

कॅलेडियममध्ये कंद अंगठ्याने दाबून बघायचा. टणक म्हणजे जिवंत. एखादी बाजू मऊ असेल तर चांगला भाग लागेपर्यंत कापा, कापावर राख किंवा हळद लावून दोन दिवस सावलीत सुकवा. पूर्ण पिचपिचीत असेल तर फेकून द्या, कंपोस्टमध्येही नको.

कॅलेडियमला नीट झोपवायचं कसं

पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत बंद करा. पानं हिरवी असताना कापू नका. पिवळं पडता पडता त्यांच्यातलं अन्न कंदात उतरतं आणि पुढच्या वर्षीची पानं त्यावरच येतात. देठ ओढल्यावर सहज सुटला की काढा. मग कुंडी तशीच जिन्याखाली, पावसा-पाण्यापासून दूर कोरडी ठेवा, किंवा कंद काढून माती झटकून कोरड्या कोकोपीटमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, कंदाला १५-१६ अंशांखालचा गारवा बाधतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेक प्लॅसिडच्या परिसरात या कंदांची मोठी शेती चालते. तिथेही थंडीत कंद उपटतात, वाळवतात आणि उबदार कोठारात ठेवतात. महिन्यातून एकदा दाबून बघा.

मार्चच्या अखेरीला, रात्री २० अंशांच्या वर गेल्या की दोन इंच खोल, डोळा वर करून लावा. गार मातीत लावलेला कंद उगवण्याऐवजी कुजतो. फूट दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात, तोवर फक्त ओलसर ठेवा. मधला मोठा डोळा चाकूच्या टोकाने काढला तर बाजूचे डोळे फुटतात आणि पानांची संख्या वाढते.

आणि ज्यांना दोन्ही झाडं एकाच वाफ्यात हवीच आहेत त्यांनी कॅलेडियम कुंडीसकट जमिनीत पुरावं. हिवाळ्यात कुंडी उचलून बाजूला ठेवता येते आणि अ‍ॅग्लोनिमाचं पाणी चालू राहतं. मी सोसायट्यांच्या वाफ्यांत असंच करते आणि तिथली तक्रार बंद झाली आहे. झाडाखाली, थेट पाऊस लागतो तिथे कॅलेडियम लावा. लॉबी, जिना, पोर्च अशा छपराखालच्या जागा अ‍ॅग्लोनिमाला द्या, कारण महिनाभर सतत पाऊस लागला तर त्याच्या पानांच्या खाचांत पाणी साचून शेंडा सडतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बुंध्याशी पांढरी, कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर स्वतः औषधं बदलत बसू नका. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि एका कुंडीतून सगळ्या वाफ्यात पसरते. झाड आणि भोवतालची माती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, त्या जागेचं खुरपं-झारी दुसरीकडे वापरू नका आणि नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात जा.

बुंधा एका-दोन दिवसांत चिखलासारखा होऊन कुजका वास आला तर ती जिवाणूंची सड असते. तिच्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. ते झाड कुंडीतल्या मातीसकट टाका. शेजारच्या कुंड्यांत तेच दिसायला लागलं तर अनुभवी माळ्याला किंवा नर्सरीवाल्याला बोलवा आणि तोवर वरून पाणी मारणं बंद ठेवा.

एप्रिल-मेमध्ये, पाणी न घालताही वाफा ओलाच राहत असेल तर दोष झाडात नाही. जमिनीखालची पाइपलाइन किंवा ड्रेनेज गळतंय. प्लंबर बोलवा, झाडं नंतर लावा.

वरच्या झाडाच्या फांद्यांमुळे उजेड कमी पडतोय म्हणून सोसायटीत परस्पर फांद्या तोडू नका. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

यापुढचं झाडापेक्षा महत्त्वाचं आहे. कॅलेडियमला रंगीत अळू म्हणतात, पण त्याची वडी किंवा फदफदं कधीही करू नका. लहान मुलाने, कुत्र्या-मांजराने या दोन्हींपैकी कोणतंही पान चावलं तर तोंड गार पाण्याने धुवा. जीभ किंवा घसा सुजला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न बघता दवाखाना गाठा, जनावर असेल तर पशुवैद्यांकडे न्या, आणि पानाचा तुकडा सोबत ठेवा. रस डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.